गिरणीचा रस्ता मोकळा आहे

नेटवर्कच्या खोलीत त्याला सगळे जमदग्नी म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती होती! एका नव्या इंजिनियरने चुकीची केबल उपटली, तेव्हा याने स्क्रू-ड्रायव्हर असा भिरकावला की तो दारात रुतून बसला. पण शहरातल्या रुग्णवाहिकांच्या सगळ्या चौक्या एकमेकींशी जोडलेल्या ठेवायच्या, या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्याचे राउटर, म्हणजे चौक्यांमधल्या निरोपांना वाट दाखवणारी यंत्रं, ही सगळी बोलघेवडी मंडळी. थोड्या थोड्या वेळाने प्रत्येक जण शेजाऱ्याला सांगणार, "अमक्या चौकीला माझ्याकडून इतक्या टप्प्यांत जाता येतं." शेजारी ते खरं मानून पुढच्याला सांगणार. अख्खी वाट कोणीच पाहिलेली नाही, सगळा ऐकीव कारभार! तार तुटली की खरी पंचाईत. ज्याची वाट मेली त्यालाच शेजारी बिनदिक्कत सांगतो, "माझ्याकडे आहे ना वाट!" आणि ती असते ह्याच्याकडूनच ऐकलेली शिळी बातमी. मग दोघं एकमेकांकडे टोलवत बसतात. म्हणून नियम लावायचा: ज्याच्याकडून ऐकलं, त्यालाच ते परत सांगायचं नाही. हा नियम लावायला जो विसरेल त्याची जमदग्नी गचांडी धरायचा, अगदी खरोखरची.

मग शहरात दंगल पेटली. गोदामं जळाली, दोन चौक्या फोडल्या, एका कंपाउंडरला भररस्त्यात भोसकलं. वायरलेसवरची माणसं घरी अडकली, म्हणून जमदग्नीच कानाला हेडफोन लावून बसला. बाहेर त्याचा धाकटा भाऊ रुग्णवाहिका चालवत होता. आईबाप गेल्यावर यानेच त्याला वाढवलेला, मारूनमुटकून शिकवलेला. बाकी शहर गेलं खड्ड्यात, धाकटा धडधाकट घरी यावा, एवढंच याच्या डोक्यात होतं.

"दादा, मागे पोट फाटलेला माणूस आहे. गिरणीच्या रस्त्याने घालू का गाडी?"

"थांब, विचारतो."

नाल्याजवळच्या चौकीवर जाड्या ड्रायव्हर होता. "मोकळा आहे रे, बिनधास्त पाठव," जाड्या म्हणाला. जमदग्नीने ते तसंच धाकट्याला सांगितलं. दादाने सांगितलं म्हटल्यावर धाकट्याने गाडी वळवली.

"दादा, पुढे टायर जळतायत. अरे, गाडीत पेशंट आहे! पेशंट आ..."

काच फुटली. दार उचकटलं गेलं. शिव्या, आणि मग लोखंड हाडावर आदळल्याचा आवाज, पुन्हा पुन्हा. वायरलेसचं बटण कशाखाली तरी दाबलेलंच राहिलं होतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. जमदग्नी टेबलावर बुक्के मारत ओरडत होता, "सोडा त्याला! सोडा रे हरामखोरांनो!" पण तिकडचं बटण दाबलेलं असेपर्यंत त्याचा आवाज तिकडे जाणार कसा?

पोलिसांनी धाकट्याला इस्पितळात आणलं तेव्हा चेहरा म्हणून काही उरलं नव्हतं. जमदग्नीने त्याला बुटांवरून ओळखलं. तो वाटेतच गेला होता, असं डॉक्टर म्हणाले.

पोर्चमध्ये जाड्या गाडीतून जखमी उतरवत होता. जमदग्नीने त्याला मानेला धरून भिंतीवर आपटलं, खाली पाडलं आणि छातीवर बसून ठोसे घातले. जाड्याचा दात पडला, ओठ फाटला. "मोकळा होता काय रे? मोकळा होता?"

"अरे, धाकट्यानेच सांगितलं होतं!" जाड्या रक्त थुंकत किंचाळला. "सकाळी तो तिकडूनच आला. मला म्हणाला, रस्ता मोकळा आहे. तेच मी तुला सांगितलं. तू कुठे विचारलंस, तुला कोण म्हणालं म्हणून?"

जमदग्नीची मूठ उचललेलीच राहिली. धाकट्याची सकाळची बातमी त्याने दुपारी धाकट्यालाच ऐकवली होती. तो जाड्याच्या छातीवरून उठला.

तेवढ्यात फाटकातून भावजय धावत आली, अनवाणी. आत काय झालंय ते तिला रस्त्यातच कळलं होतं. "कोणी पाठवलं त्यांना त्या रस्त्याने? दादा, नाव सांगा. गळा घोटते मी मेल्याचा!"

जाड्या तोंड पुसत उठून उभा राहिला.

"मी पाठवलं," जमदग्नी म्हणाला.

तिने त्याच्या थोबाडीत मारली. मग दुसरी. मग दोन्ही हातांनी ती त्याला बडवत सुटली. जाड्या तिला आवरायला पुढे झाला, तर जमदग्नीने त्याला हाताने मागे सारलं. "मारू दे तिला," तो म्हणाला, आणि हात खाली सोडून उभा राहिला.