गुळगुळीत वायसर

मी टर्नर होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. आणीबाणीच्या आधीची दोन-तीन वर्षं. पिंपरीतल्या एका कंपनीत मी लेथवर धातूचे भाग कातायचो आणि भोसरीत भाड्याच्या खोलीत राहत होतो. खोलीतला दुसरा चाकणकडच्या एका खेड्यातला. त्याच कंपनीत, पण टेम्पररी. सहा-सात महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा गेटवरची रांग. मी त्याला पार्टनर म्हणायचो, तो मला राव.

पार्टनरकडे दोनच गोष्टी धड होत्या, पाय आणि सायकल. पाय जन्माचे, सायकल कॅम्पातल्या कुणीतरी वापरून टाकलेली. पण होती रेसची, गिअरवाली. भोसरीत तेव्हा तसली सायकल बघायला माणसं चहा सोडून बाहेर यायची.

खालच्या तिरक्या दांडीवर गिअरची एक कळ होती. ती मागे ओढली की साखळी मागच्या चाकाच्या मोठ्या चकरीवर चढायची आणि पायडल हलकं व्हायचं. कळ पुढे सुटली की साखळी छोट्या चकरीवर, आणि पायडल दगडासारखं जड. आता ओढलेली कळ जागेवर धरून कोण ठेवतं? तर स्क्रूखालची एक चकती, ज्याला आम्ही वायसर म्हणतो. तो वायसर झिजला होता. ऐन चढावर कळ खाट् करून सुटायची आणि पार्टनर सायकलवरून असल्या शिव्या घालायचा की रस्त्यावरच्या बायका पदर तोंडाला लावायच्या.

एरवी चाललं असतं. पण कंपनीत खेळाचं बघणाऱ्या साहेबांनी त्याला शब्द दिला होता. खोपोलीहून घाट चढून चिंचवडपर्यंत एक शर्यत होणार होती. तीत पहिल्या तिघांत आलास तर खेळाडू म्हणून पर्मनंट करतो, म्हणाले. पर्मनंट या शब्दाची चव टेम्पररी माणसालाच कळते. पार्टनर त्या दिवसापासून जेवताना हसायला लागला.

"राव, तेवढा वायसर काढून दे की मला," तो म्हणाला. "तुझ्यासारखा हात न्हाई कुनाचा."

आणि मी फुगलो! कंपनीच्या लेथवर घरची वस्तू काढणं हा गुन्हा होता आणि आम्ही सगळेच तो करायचो. मी पितळेचा तुकडा घेतला. माप केसाच्या अंतराने जुळवलं. मग झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने इतका घासला की त्यात तोंड दिसावं. कॅन्टीनमध्ये तो हातोहात फिरला. "वा, काय फिनिश आहे!" असं आमचे टर्नर म्हणाले, आणि टर्नर दुसऱ्या टर्नरला सहसा असं म्हणत नाही. डब्यात चटणीच्या वाटीखाली लपवून मी तो गेटबाहेर काढला. बसवताना वर तेलाचा एक थेंबही सोडला. जन्मभर हेच शिकलो होतो: दोन धातू एकमेकांवर बसले की ते गुळगुळीत हवेत आणि मध्ये तेल हवं. या एका जागी मात्र घसरायला नको होतं, धरायला हवं होतं. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. स्क्रू करकचून आवळला, सपाट रस्त्यावर पार्टनरने चक्कर मारली आणि परत येऊन मला मिठीच मारली.

शर्यतीच्या दिवशी आम्ही चार-पाच टर्नर ट्रकमधून घाटात गेलो आणि माथ्याच्या खाली तिसऱ्या वळणावर उभे राहिलो. पार्टनर आला तेव्हा दुसरा होता. उभा राहून पायडल मारत होता, मान खाली, तोंड वाकडं झालेलं. माझी नजर सवयीने साखळीवर गेली. ती सगळ्यात छोट्या चकरीवर होती.

खड्ड्यांच्या धक्क्यांनी कळ इंच-इंच पुढे सरकली होती. जुना वायसर निदान खाट् करून सांगायचा तरी. माझा गुपचूप सुटत गेला. गाड्यांच्या घरघरीत त्याला काही ऐकू आलं नसणार. त्याला एवढंच कळत होतं की पायातलं बळ संपलं.

"कळ मागं ओढ!" एवढं ओरडायचं होतं. माथ्यापर्यंत अजून दोन वळणं बाकी होती. पण माझ्या दोन्ही बाजूंना तेच टर्नर उभे होते, ज्यांनी तो वायसर हातात घेऊन वाहवा केली होती. ओरडलो असतो तर माझं काम फसलं हे मीच जाहीर केलं असतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढ्यात तो पुढे निघून गेला.

तो पाचवा आला.

"पायच कमी पडलं, राव," संध्याकाळी खोलीत तो म्हणाला. पुढच्या ब्रेकनंतर त्याला कुणी परत बोलावलं नाही. तो गावी गेला. सायकल माझ्याकडेच ठेवून गेला, म्हणाला आता तिचं तोंड बघवत नाही. तो गेल्यावर मी कळ खोलली. तुटक्या चपलेच्या चामड्याचा गोल कापून पितळेच्या जागी बसवला. कळ ओढली तिथे थांबली. तेवढंच करायचं होतं. मी लाजेने खाली बसलो आणि रडलो.

त्याला सांगायला मला सात वर्षं लागली. एका रविवारी त्याच सायकलवर चाकणच्या पुढे त्याच्या गावी गेलो. तो कांद्याच्या वाफ्यात पाणी धरत होता. गळ्यात पडला, बायकोला चहा टाकायला सांगितलं. मी खिशातून वायसर काढून त्याच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. तेलाचं सांगितलं, साखळीचं सांगितलं, आणि तोंड मिटून घेतल्याचंही.

त्याने वायसर सदऱ्याला पुसला, उन्हात धरला. अजून लखलखत होता.

"ही असली वस्तू घसरती व्हय?" तो म्हणाला. "गावात समद्यांना सांगतो मी, वायसर एक नंबर हुता, आमचंच पाय खोटं. इतक्या लांबनं आलास ते माझं मन राखाया. उगं सोताच्या कामाला नावं ठिवू नगंस."

मी पुन्हा सांगितलं. तो माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला. सायकलवर बसून तर बघ, म्हटलं. तो नको म्हणाला. वायसर माझ्या मुठीत परत देऊन शिवेपर्यंत पोचवायला आला.

परतीच्या वाटेवर चढ लागला तेव्हा मी कळ मागे ओढली. चढ संपेपर्यंत ती ओढली तिथून हलली नाही.