ईश्वरभाऊजी आणि तरोट्याची भाजी

माझे चुलत दीर ईश्वरभाऊजी नाकाडोंगरीचे. खाणीच्या धुळीनं त्यांची फुफ्फुसं वाळल्या दोडक्यासारखी झाली होती. दोन वर्षांपूर्वी कुण्या देवमाणसाची फुफ्फुसं त्यांना बसवली. तेव्हापासून गावभर फुशारकी, "फुफ्फुस जवान आहे, मीच म्हातारा आहो."

डॉक्टरांनी बजावलं होतं, रक्ताची गुठळी होऊन फुफ्फुसात अडकली तर जिवावर बेतेल. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, दर महिन्याला तपासणी, बसून न राहता चालणं. आणि पालेभाजी नेमानं तेवढीच. एकदम वाढवली की गोळीचा जोर मरतो.

आषाढात बांधावर तरोटा उगवला. ही रानभाजी रांधली की आमच्याकडे शेजारी वाटी जातेच. भाऊजींना वाटीपर्यंत दम कुठला. सकाळी चालायला म्हणून निघत आणि चार घरच्या चुलीपाशी बसून येत. त्यांची बायको धुरपता कौतुकानं सांगे, आमचे दोन दोन तास चालतात.

तपासणीत गोळी पुरत नाही असं निघालं. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, तर भाऊजींनी शपथेवर वरणभात सांगितला. गोळी वाढली, तरोटाही वाढला. चार दिवसांत पोटरी सुजली, धाप लागली. म्हणे मुंगी चावली.

धुरपतानं ऐकलं नाही. आम्ही दोघींनी त्यांना नागपूरला नेलं. पायात गुठळी निघाली, तिचा तुकडा फुफ्फुसात पोचला होता. लगेच पोटात इंजेक्शन दिलं. डॉक्टरांनी परत विचारलं, खाण्यात काय होतं? खरं कळलं नाही तर औषधाचं माप चुकेल, आता रक्तस्रावही होऊ शकतो.

भाऊजी माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "वहिनी, नावं सांगतली तं पुढच्या साली कोन देईल?"

मी रस्ताभर मारुतीचं नाव घेत आले होते. पण मारुतीला सगळं ठाऊक होतं.

"डॉक्टरसाहेब," मी म्हटलं, "तरोटा. रोज. त्यातला चौथा हिस्सा माझ्या घरचा."

धुरपतानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "आन हे चालून थकतात म्हणून मी याले रोज तूप वाढून राहिली होती."

डॉक्टरांनी हसू दाबलं. पाच दिवसांनी धाप उतरली, तेव्हा त्यांनी सांगितलं, भाजी बंद नको, पण आठवड्याला एकच वाटी, नेमकी तेवढीच.

"केवढी वाटी, साहेब?" भाऊजींनी लगेच विचारलं.

धुरपतानं नर्सकडून औषध मोजायचं इवलं भांडं मागून पिशवीत टाकलं.