यानच्या पणजोबांचा रंग

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. सांगायची वेळ आली की विषय बदलायचो — वर्षानुवर्षं.

हमरापूरला आमचा गणपतींचा कारखाना. धाटावच्या एका कंपनीत यंत्र बसवायला चेक देशातून यान नावाचा इंजिनिअर आला होता. राहायचा रोह्याला, सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे मूर्ती बघायला यायचा. एकदा त्यानं पिशवीतून दोऱ्यांवर नाचणारा लाकडी विदूषक काढला. पणजोबांनी कोरलेला, त्यांनीच रंगवलेला. त्यांच्या देशावर तेव्हा परक्यांचं राज्य. कचेरीत जर्मन चालायची. पण बाहुल्यावाले गावोगाव गाडी घेऊन फिरायचे आणि खेळ करायचे तो चेक भाषेत. “हमारी भाषा इसके मुँह में बची,” यान इथे शिकलेल्या हिंदीत म्हणाला.

बाहुल्याच्या नाकाला चीर गेली होती. तेवढीच बुजव, असं सांगून तो बाहुला माझ्याकडे ठेवून गेला.

आणि मी काय केलं? आमची मूर्ती पाण्यात जाते, पुढल्या वर्षी नवी येते. जुना रंग जपायचा असतो, हे माझ्या हाताला ठाऊकच नव्हतं. तडकलेला चेहरा बघून वाटलं, पाहुण्याला खूश करू. पॉलिश पेपरनं लाकडापर्यंत घासला. नवं अस्तर, नवा रंग, आणि डोळे — आमचे, कानाकडे जाणारे.

बायको हसली. “अहो, आता याला मोदक द्यायचा काय?”

इथवर चूकच होती. पुढचं चूक नव्हे. यान आला, त्यानं गालावरून अंगठा फिरवला, जुना रंग कुठे गेला म्हणून विचारलं. मी म्हणालो — दमट हवा, साहेब. अपने आप छूट गया.

त्यानं बाहुला हळूच खाली ठेवला. मग माझा हात धरून म्हणाला, “तूने बचाया.” आणि मी तो हात सोडवला का? नाही.

तिथेच त्यानं दोऱ्या उचलल्या. काय नाचला तो विदूषक! शेजारचे कारखाने रिकामे झाले, रंगाच्या हातांनी माणसं धावली. चेक भाषेतलं अक्षर कळेना, तरी हसून हसून पुरेवाट. “आपल्या बडबड्या तात्यासारखाच हाय,” मागून कुणीतरी ओरडलं, “कळत काय नाय, पण थांबत बी नाय!”

यंदा यानच्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. यान गेला, हे तिनंच सांगितलं. त्यांच्या गावच्या चौकात बाहुला नाचत होता, पोरं किंचाळत होती, पणजोबांची भाषा खणखणीत घुमत होती — आणि चेहरा माझा! हाच तो कारागीर, ती लोकांना आणि मग इंग्रजीत आम्हालाही सांगत होती, यांनीच आमचा बाहुला वाचवला. तिकडे चौकभर टाळ्या, इकडे कारखानाभर. छाती फुगली माझी. खोटं कशाला बोलू — अजूनही फुगते.

मी हात जोडले. सगळ्यांना तो नमस्कार वाटला. रंग सुटला नव्हता पोरी, मी घासला, आणि तुझ्या बापाशी खोटं बोललो, मला माफ कर — एवढंच म्हणायचं होतं.

तोंड उघडलं, आणि “थँक्यू” म्हणालो.