छान म्हणायचं नाही

माझी वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. मी तिची धाकटी नणंद, तेव्हा फटकळपणा माझ्याकडे ओघानेच आला. आमचं दोघींचं कधी फारसं पटलं नाही, म्हणूनच तिची गोष्ट मी सांगितलेली बरी. बाकीचे नुसतं कौतुक करतील, आणि कौतुकानेच तर तिचा घात केला.

बाई जन्मभर कपडे दुरुस्तीच्या दुकानात. काचेच्या दारामागे एक मशीन, एक इस्त्री, बाजूला टाचण्या. याची पँट आखूड कर, त्याचा कोट सैल कर. भाऊ ऐन उमेदीत गेला, तेव्हा पोराला तिने त्या मशीनवरच वाढवलं. राहायच्या खोल्या एका चिनी हॉटेलच्या वर. तिथल्या आचाऱ्याचं पोट दरवर्षी सुटायचं आणि वहिनी त्याच्या पँटी फुकटात सैल करून द्यायची. बदल्यात त्याने तिला गोडआंबट चिकन शिकवलं, तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच शेगडीवर. चिकन दोनदा तळायचं, एकदा शिजायला आणि एकदा कुरकुरीत व्हायला. व्हिनेगर, साखर, टोमॅटो सॉस आणि जरासा सोया सॉस असा रस वेगळा करायचा. कांदा, ढोबळी मिरची, अननस मोठ्या आचेवर परतायचे आणि शेवटी सगळं एकत्र करायचं. गोड पुढे गेलं तर सरबत, आंबट पुढे गेलं तर औषध. वहिनीचं दोन्ही कधी झालं नाही. एवढं मात्र मी मान्य करते.

मग गेल्या वर्षी तिला ताप आला आणि जाताना नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. वास नाही, चव नाही. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा नाही येणार. एवढं तर मीही सांगितलं असतं, तेही फी न घेता. वहिनीने काही लपवलं नाही. पोराला आणि सुनेला समोर बसवून सांगितलं की मला आता काही कळत नाही, तेव्हा जेवण कसं झालंय ते तुम्ही सांगत जा. दोघांनी माना डोलावल्या. आणि त्या दिवसापासून जे काही पानात पडेल ते छान व्हायला लागलं.

पोरगा बस चालवतो. चाळिशी उलटली तरी घरात त्याला बाळ्याच म्हणतात. सून नर्स आहे. दोघं गुणी आहेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दर रविवारी यायचे, जेवायचे, छान म्हणायचे आणि घरी जाऊन पाव-अंडं खायचे. हे मला सुनेनेच फोनवर सांगितलं. वर म्हणाली, आत्या, त्यांना सांगू नका हं, वाईट वाटेल. मी ते वर्षभर लेकीकडे परगावी होते, आधी तिचं बाळंतपण काढत, मग बाळ सांभाळत, म्हणून गप्प बसले. नाहीतर माझ्या पोटात एवढं राहत नाही.

असं करता करता बाळ्याने एक दिवस जाहीर केलं की आईचा गॅस काढून टाकायचा आणि डबा लावायचा. कारण काय, तर गॅस गळला तर तिला वास येणार नाही. वहिनीने दुसऱ्याच दिवशी गळती झाली की वाजणारी घंटा बसवून घेतली. तो म्हणाला, यंत्र बिघडू शकतं. ती म्हणाली, नाक नाही बिघडलं? तरी त्याचं एकच पालुपद, येत्या रविवारी शेगडी काढायला येतो. वहिनी म्हणाली, ये, पण जेवायला ये. गोडआंबट करते. आधी जेवा, मग काय काढायचं ते काढा.

मी त्याच आठवड्यात परत आले होते. तिने मला बोलावलं आणि रविवारच्या आधी एकदा करून बघते म्हणाली. मी पहिला तुकडा तोंडात घातला आणि उठून सिंकमध्ये थुंकले.

"वहिनी, हे खाऊन माणूस सरळ दवाखान्यात जाईल," मी म्हटलं.

तिने गॅस बंद केला. बाळ्या तर छान म्हणतो, असं हळूच म्हणाली. मग मी पाव-अंड्याचं सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता रडते की काय. छे. बाई अशी भडकली की बघत राहावं. म्हणाली, दुकानात जे गिऱ्हाईक आरशासमोर छान म्हणून निघून जायचं, ते परत कधी आलं नाही. काखेत ओढतंय, कंबरेत सैल आहे अशी कटकट करणारी गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं येत राहिली. पोटचा पोरगाच त्या पहिल्या जातीतला निघाला. वर्षभर हात वाहवत गेला आणि एकानेही तो धरला नाही.

तिथून पुढे तिच्या स्वयंपाकघरात तीन शब्दांना बंदी झाली. छान, बरं आणि ठीक. काय कमी, काय जास्त, एवढंच बोलायचं. तेलाचं ती कानाने ओळखायची. पहिल्या तळणाचा आवाज जड असतो, दुसऱ्याचा कोरडा, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. रसाचा दाटपणा चमच्यावर दिसायचा. अडायचं ते फक्त गोड आणि आंबटाशी, तिथे माझी जीभ. तुझं तोंड कायमच वाकडं, आता कुठे उपयोगी पडलं, असं मला ऐकवून घ्यावं लागलं. रोज चिकन खाऊन माझ्या पोटाने संप पुकारला, पण शनिवारी रस असा जमला की मी वाटी चाटून पुसून ठेवली.

रविवारी मात्र तिने मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. आज तुझी गरज नाही म्हणाली. बाळ्या आला, सून आली. ताटं वाढली. चिकन दिसायला फक्कड, वर चकाकणारा लाल रस. मी घास घेतला आणि बोलायला तोंड उघडलं, तोच वहिनीने टेबलाखालून माझा पाय असा दाबला की डोळ्यांत पाणी आलं.

बाळ्याने दोन तुकडे खाल्ले. सुनेकडे बघितलं. म्हणाला, "छान झालंय, आई."

"व्हिनेगर घातलेलंच नाही त्यात," वहिनी म्हणाली. "नुसता साखरेचा पाक आहे."

सुनेने चमचा खाली ठेवला. बाळ्याची मान वर होईना.

"मला चव कळत नाही, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तुला कळते, आणि तू सांगितलं नाहीस. मग बिघडलंय कोणाचं?"

तो पुटपुटला, तुला वाईट वाटेल म्हणून. वहिनी म्हणाली, वाटू दे की. नवरा गेला तेव्हा वाईट वाटलं होतं, त्यानेही मेले नाही. पण माझ्या हातातला झारा काढून घेशील आणि त्याला माया म्हणशील, ते मी चालवून घेणार नाही. हे सगळं शांतपणे. ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला की माझा मलाच राग आला.

मग ती उठली, चिकन परत कढईत टाकलं आणि शेगडी पेटवली.

"इकडे ये. मी ओतते, कुठे थांबायचं ते तू सांग. शेगडी माझी, जीभ तुझी."

तो गेला. एवढा आडदांड माणूस, पण कढईपाशी शाळेत उभा केल्यासारखा उभा. तिने व्हिनेगर ओतलं, त्याने चाखलं. अजून, म्हणाला. तिने पुन्हा ओतलं. थोडं अजून. मग म्हणाला, बास. वहिनी बाटली धरूनच उभी. नक्की? असं तिने विचारलं. त्याने पुन्हा चमचा घातला, चाखला, आणि पहिल्यांदा तिच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"आंबट बरोबर आहे," तो म्हणाला. "पण मीठ फार झालंय, आई. खाववत नाही."

व्हिनेगर तिने मुद्दाम गाळलं होतं, मीठ मात्र चुकून जास्त पडलं होतं. वहिनीने बाटली ठेवली आणि त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. मग खुर्ची ओढून बसली आणि डोळ्यांना पदर लावला. ते खारट चिकन आम्ही चौघांनी पाणी पीत पीत संपवलं, आणि शेगडीचं नाव कोणी काढलं नाही.