टेकडीतला वाटा

इस्त्रीवाल्या मावशींना सगळं गाव तोंडावर मावशी म्हणायचं आणि पाठीमागे 'निखारा'. कोळशाची इस्त्री वापरतात म्हणून हे नाव पडलं, असं पोरं सांगायची. मोठी माणसं नुसती हसायची. कपडे वेळेवर न्यायला न येणाऱ्याला मावशी असं काही सुनवायच्या, की पुढच्या खेपेला तो कपडे होण्याआधीच येऊन बसे.

नवरा गेला तेव्हा त्या ऐन तरुण होत्या आणि कडेवर मूल होतं. दिराच्या घरी आसरा मिळाला. दीर वाईट नव्हता, पण जाऊबाई वाढताना म्हणायच्या, "खा गं, पोटभर खा. आम्ही आहोतच की तुम्हाला पोसायला." असा घास घशाखाली उतरत नाही. त्या वर्षी टेकडीच्या पैशाचे वाटे हातात आले. एक मावशींचा, एक पोराचा. त्यातून त्यांनी इस्त्री घेतली, बाजाराच्या तोंडाशी एक खोली भाड्यानं घेतली आणि दिराचं घर सोडलं. कुणाच्या पाया पडावं लागलं नाही. 'बाई, तुला कशाला हवेत?' असं कुणी विचारलंही नाही.

टेकडी गावाची होती. कुणा एकाची नाही, सगळ्यांची. तिच्या पोटात चांगला दगड निघाला आणि कंपनी आली, तेव्हा गावातल्या जुन्या माणसांनी करार केला. दगड न्या, पण दर वर्षी गावातल्या प्रत्येकाला सारखा वाटा द्या. श्रीमंत असो, भिकारी असो, काल जन्मलेलं मूल असो. पैसे एका पेटीत ठेवले तर कुणीतरी पेटीवर बसेल, ही भीती त्या म्हाताऱ्यांना होती. म्हणून असं ठरलं, की माणसानं शाळेच्या सभागृहात स्वतः यायचं, हात पुढे करायचा आणि कंपनीनं त्या हातावर पैसे ठेवायचे. मूल असेल तर आईनं त्याचा हात पुढे धरायचा. मध्ये कुणी नाही.

वर्षानुवर्षं हे नीट चाललं. मग गावसभेच्या नव्या अध्यक्षांनी भाषण केलं. ज्यांचं पोट भरलेलं आहे त्यांनी वाटा सोडावा, गरिबांना जास्त मिळेल. टाळ्या पडल्या. सर्वांत आधी डॉक्टरांनी वाटा सोडला. मग हार्डवेअरवाल्या शेठनी, मग हेडमास्तरांनी. सोडणाऱ्याचं नाव मंचावरून वाचायचे, गळ्यात हार घालायचे आणि तसं छायाचित्र सभागृहाच्या भिंतीवर लावायचे. वाटा सोडणं ही प्रतिष्ठा झाली, आणि प्रतिष्ठा झाल्यावर वाटा घेणं ही लाज झाली. चार घास सुखानं खाणारी माणसंही 'आम्ही काय भिकारी आहोत?' म्हणत घरी बसू लागली.

मावशींची तिडीक तिथूनच सुरू झाली. कारण मागोमाग चौकशी आली. खरा गरजू कोण, हे ठरवायला समिती नेमली. शेजारच्या खोलीत नवऱ्याला सोडून आलेली एक शिवणकाम करणारी पोर राहायची. समितीतले दोघं तिच्या दारात उभे राहून म्हणाले, "नवरा आहे ना? मग तू निराधार कशी? आधी परत जाऊन बघ." मावशींनी त्यांना जिन्यापर्यंत हाकललं. पण हाकलून वाटा थोडाच मिळतो? पोरीचं नाव समितीच्या यादीतून कटलं ते कटलंच, आणि वाट्याच्या दिवशी तिला सभागृहाच्या दारातूनच परत पाठवलं.

आजवर हे तोंडीच चाललं होतं, यंदा सभेत पक्का ठराव यायचा होता. समिती ज्याला गरजू म्हणेल, त्यालाच वाटा. बाकीच्यांचा कायमचा बंद.

सभेच्या सकाळी मुलगा पांढरा शर्ट घेऊन आला. तो कंपनीच्या ऑफिसात कारकून होता, अजून कायम झाला नव्हता.

"आई, कडक कर जरा. आज माझंही नाव वाचणार आहेत."

"कशाचं?"

"वाटा सोडतोय. साहेब म्हणाले, सोडलास तर कायम करतो."

मावशींनी इस्त्री उचलून बाजूला ठेवली. "साहेबाला काय पडलंय रे तुझ्या वाट्याचं?"

"पडणारच ना. जितके हात कमी, तितके कंपनीचे वाचतात."

"आणि गरिबांना जास्त मिळतं ते?"

मुलगा हसला. "जास्त कुठलं, आई? करारच तसा आहे. जो हात पुढे येईल त्यालाच पैसे. जो येणार नाही त्याचे कंपनीकडेच राहतात."

"अध्यक्षाला ठाऊक आहे?"

"त्यांच्या मुलाचे ट्रक कंपनीत लागलेत. आता काय ते समज." मग त्याला उशिरा जाग आली. "आई, तू कुठे बोलू नकोस हं. माझी नोकरी जाईल."

मावशींनी इस्त्री पुन्हा उचलली. त्यांनी शर्ट पुरा केला, घडी घातली आणि त्याच्या हातात दिला. एका हातानं आयुष्यभर जपलेलं पोर दुसऱ्या हातानं ढकलून द्यायचं, म्हणजे काही खेळ नव्हे. सभेला जायचं की कडी लावून घरात बसायचं, यावर दुपारपर्यंत त्यांचं मन हेलकावत होतं. मग शिवणकाम करणारी पोर कात्री उसनी मागायला आली. "सभेला येताय?" असं तिनं विचारलंसुद्धा नाही. मावशींनी चपला घातल्या.

सभागृहात मुलाचं नाव वाचलं गेलं. तो मंचाकडे निघाला आणि मावशी जागेवरून उठल्या.

"हार घालायच्या आधी एक सांगा, अध्यक्ष. सोडलेला वाटा जातो कुठे?"

"गरिबांकडे, मावशी. बसा."

"कुठल्या गरिबाकडे? मी गरीब आहे. मला काल होता तितकाच मिळतोय. सोडलेले पैसे कंपनीच ठेवून घेते. आयजीच्या जिवावर बायजी उदार! आणि कंपनीची झोळी भरायला टाळ्या वाजवतंय कोण, तर आपण!"

अध्यक्ष गोड हसले. "मावशी, कोळशाच्या धुरात बसून डोकं तापतं माणसाचं. कुणीतरी पाणी द्या यांना."

हशा पिकला. शेठ हसले, हेडमास्तर हसले. मुलगा मंचाच्या पायरीवर मान खाली घालून उभा होता.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि मुलाला विचारलं, "तू ऑफिसात आहेस. तुझी आई म्हणतेय ते खरं की खोटं?"

मुलानं अध्यक्षांकडे पाहिलं, मग आईकडे.

"खरं आहे," तो म्हणाला.

मग जे झालं त्याला सभा म्हणता येणार नाही. डॉक्टर ओरडत होते, "म्हणजे माझ्या नावावर तुम्ही गावाच्या तोंडाला पानं पुसलीत!" शेठ हार घातलेलं आपलं जुनं छायाचित्र भिंतीवरून काढायला निघाले. ठराव अध्यक्षांच्या हातातच राहिला. मावशी डॉक्टरांजवळ गेल्या. "तुमचं मन चांगलं होतं हो," त्या म्हणाल्या, "पण तुमच्या त्या चांगुलपणानं शेजारच्या पोरीचा घास गेला. उद्या वाट्याच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे उभे राहा, म्हणजे मागच्यांना लाज वाटणार नाही." डॉक्टरांनी मान हलवली.

घरी जाताना मुलगा मागून चालत होता. "गेली माझी नोकरी," तो म्हणाला.

"जाऊ दे. टेकडी आहे ना? तुझा वाटा साहेबाला काढून घेता येत नाही. तूच तो सोडायला निघाला होतास."

"पण मी खरं बोललो ना, आई?"

मावशी थांबल्या. राग अजून ओसरला नव्हता आणि तो लपवायची त्यांना गरजही वाटली नाही.

"मला सगळे हसून झाल्यावर बोललास," त्या म्हणाल्या, आणि पुढे चालू लागल्या.