हळदीखालचा घोडा

मंडळी, हळदकुंकू फासून गावकरी जुन्या दगडांची वाट लावतात, असं या ग्रुपवर सगळ्यात जास्त मीच लिहिलंय. म्हणून आजचं सांगतो.

लोहगडवाडीच्या वाटेवर एका देवळामागे वीरगळ आहे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड. हळदीखाली कोरीवकाम दिसेना. मी पाणी ओतून दगड फडक्याने स्वच्छ पुसला. कॅमेरा काढतोय, तेवढ्यात शेजारच्या घरातून एक मावशी हळदीची वाटी घेऊन आल्या.

मी ओशाळलो. "मावशी, तुमची पूजा पुसली मी. चुकलं माझं."

मावशी दगडावर बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यो घोडा हाय व्हय? लगीन होऊन आले तवापासनं रोज हळद लावतीय. घोडा आजच दिसला."

आम्ही दोघं जरा वेळ नुसता घोडा बघत बसलो. मग त्यांनी वाटी माझ्यापुढे धरली. "तूच पुसलंस, आता तूच लाव."

मी लावली. घोडा पुन्हा हळदीखाली गेला आणि फोटो राहूनच गेला.

माझ्या जागी तुम्ही असतात, तर वाटी घेण्याआधी "मावशी, एक मिनिट" म्हणाला असतात का?