फुल बाह्यांचा सदरा
हातांना खोबरेल चोळताना घनसावंगीचं शिबिर आठवतं. दुर्मिळ त्वचारोगांवर संशोधन करणारे डॉक्टर आले होते. बहिणीच्या मुलाची कातडी माशासारखी खवल्यांची होती आणि तिला पुन्हा दिवस गेले होते. "हे लेकरूबी तसंच निघंल का?" तिनं विचारलं. "माहेरी कोणाला आहे का, त्यावर आहे; असेल तर पुढची तपासणी करू," डॉक्टर म्हणाले. खवले माझ्याही हातांवर होते, भर उन्हाळ्यात फुल बाह्यांखाली झाकलेले. पण शेजारी माझ्या मुलीचे होणारे सासरे बसलेले. बाजारात विकायच्या बैलाची खोड लपवावी तसा मी डाफरलो, "आमच्यात कोणालाच न्हाई! बदनामी करून राह्यले का?" बहीण माझ्या बाह्यांकडं बघून म्हणाली, "भाऊ बराबर बोलून राह्यले, साहेब." तिचा दुसराही तसाच झाला. चारचौघांत विचारणाऱ्या त्या डॉक्टरवर मी अजून चिडतो; पण भाचे पाया पडायला वाकले की पाय मागं घेतो.